एमएक्स-५ चा कापडी टप: शेवाळ काढणं आणि काळा रंग परत देणं

लेस्टरकर

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ ची माझदा एमएक्स-५ (टप उघडता येणारी छोटी गाडी), तिसरी पिढी म्हणजे एनसी. टप काळा, कापडी. मागची खिडकी काचेची. मुक्काम इंग्लंडात लेस्टरला. गॅरेज नाही, गाडी बारा महिने रस्त्यावर लाइमच्या (लिंडनच्या, लिंबाच्या नव्हे) झाडाखाली उभी असते.

टपाची सध्याची अवस्था:

- शिवणींच्या कडेने आणि सावलीच्या बाजूला हिरवं शेवाळ. मागच्या काचेच्या खालच्या कडेला तर चक्क मॉस धरलंय.
- माथ्यावर बारीक काळे ठिपके, हाताला चिकट लागतात.
- काळा रंग गेला, आता राखाडी-तपकिरी दिसतो. शिवणीचा दोरा जवळजवळ पांढरा.
- पावसाचं पाणी थेंब होऊन घसरत नाही, कापड पिऊन टाकतं. दुसऱ्या दिवशीही टप ओलाच.
- ड्रायव्हरच्या सीटमागे कार्पेटला ओल.

दुकानात क्लीनर, रिव्हायव्हर, प्रूफर अशा तीन-तीन बाटल्या मांडलेल्या असतात. त्यातलं खरंच लागतं काय? कपडे रंगवायचा डायलॉनचा रंग चालेल का? शेजाऱ्यांकडे प्रेशर वॉशर आहे, तो मारू का? आणि वॉटरप्रूफिंग केलं की आतली ओल थांबेल ना?

---

घाटवळण

आधी टप नक्की कापडी आहे ना ते बघा. एनसीच्या काही मॉडेलांना व्हिनाइलचा टप होता, आणि मळला की लांबून दोन्ही सारखेच दिसतात. नख फिरवा: कापडाची तिरकी वीण नखाला लागते, व्हिनाइलवर नुसता छापील पोत असतो. तुमचा टप पाणी पितोय म्हणजे कापडीच असणार.

रंगाचं नंतर बघू. तुम्ही जे लिहिलंय त्यातला बराचसा विटलेपणा हा मळ आहे. रंग मळावर दिला तर तो मळाला धरतो, कापडाला नाही, आणि पुढच्या धुण्यात चट्ट्याचट्ट्याने निघतो. टपाची बिघडलेली रंगकामं निम्म्याहून जास्त इथेच बिघडतात.

प्रेशर वॉशर नको. टप तीन थरांचा असतो: वर विणलेलं ॲक्रिलिक, मधे रबर, खाली पॉलिएस्टर-कॉटनचं अस्तर. जवळून मारलेली धार वरच्या धाग्यांची लव उपटते आणि शिवणीच्या भोकांतून आत शिरते. रबराचा थर एकदा कडेला सुटला की तो परत चिकटत नाही. बागेतला साधा पाइप पुरे.

क्रम असा ठेवा.

मॉस ओलं असताना हात लावू नका, खरवडलं की हिरवा रस विणीत जातो. दोन कोरडे दिवस मिळाले की प्लास्टिकच्या पट्टीने उचला, शिवणीतलं जुन्या टूथब्रशने. मग मऊ ब्रशचं तोंड लावून व्हॅक्यूम फिरवा. हे कोरडं काम लोक टाळतात आणि मग तीच माती पाण्यात कालवून कापडात घासत बसतात.

काळे ठिपके म्हणजे लाइमची कृपा. उन्हाळ्यात त्या झाडावर मावा पडतो, त्याचा चिकटा खाली गळतो आणि चिकट्यावर काळी बुरशी चढते. ज्यांनी घरी कापूस नाहीतर डाळिंब बघितलंय त्यांना हे नवीन नाही. चिकटा साखरेचा असतो, कोमट पाण्यात सुटतो. म्हणून कुठलंही औषध मारायच्या आधी अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्याने टप चांगला भिजवा, मऊ स्पंजाने पुसा, पाणी बदला, पुन्हा पुसा. पक्ष्यांच्या शिटेवर ओलं फडकं १५–२० मिनिटं ठेवा, मग ती अलगद उचलते. सुकी असताना नखाने काढाल तर खालची लवही सोबत येईल.

शेवाळाला बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेलं औषध चालतं, लेबलवरच्या प्रमाणात पातळ करून. दोन गोष्टी सांभाळा. एक, पॅटिओ (अंगणातल्या फरशीच्या) क्लीनरच्या काही बाटल्यांत हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच असतं. ती टपाला नको. वरचं ॲक्रिलिक एक वेळ सोसेल, पण अस्तरातला कापूस आणि मधलं रबर सोसणार नाही. दुसरं, बेंझाल्कोनियम आणि साधा साबण एकमेकांना मारतात. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण, एकत्र आले की दोन्ही निकामी. त्यामुळे औषध वेगळं, ते पूर्ण धुऊन काढायचं, मग क्लीनर. घरात मांजर असेल तर टप धुऊन होईपर्यंत तिला लांब ठेवा, आणि हे पाणी माशांच्या तळ्याकडे वाहू देऊ नका.

आता क्लीनर. रेनोव्हो, ऑटोग्लिम, कुठलाही कापडी टपाचा घ्या. बादलीत भांड्यांचा साबण ओतू नका. त्याचा अंश विणीत राहतो, कापड आणखी पाणी ओढतं आणि नंतरचं प्रूफिंग धरत नाही. टप अर्धा-अर्धा करा. ओल्या कापडावर क्लीनर मारा, पाच मिनिटं मुरू द्या, सुकू मात्र देऊ नका. मऊ नायलॉनचा ब्रश विणीच्या दिशेने फिरवा. गोल-गोल घासलं की बोळे उठतात आणि काळ्या टपावर ते उन्हात चमकतात. फेस तपकिरी-हिरवा येईल. वेट व्हॅक (पाणी ओढणारा व्हॅक्यूम) असेल तर फेस ओढून घ्या, नुसत्या पाण्याने धुतला तर निम्मा मळ परत विणीतच बसतो. नसेल तर भरपूर पाणी, वरून खाली.

फेस पांढरा येईपर्यंत पुन्हा. वर्षानुवर्षं न धुतलेल्या टपाला तीन फेऱ्या सहज लागतात, तेव्हा बाटली घेताना त्या हिशेबाने घ्या. शेवटचं धुणं कंटाळा येईपर्यंत करा: गाडीच्या कडेने पडणाऱ्या पाण्यात फेसाचा बुडबुडाही दिसता कामा नये.

---

रंगारी_स्टुटगार्ट

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी रंगापुरतं लिहितो.

डायलॉन विसरा. कपड्यांचे ते रंग कापसासाठी आहेत. ॲक्रिलिकला वेगळ्या जातीचा रंग लागतो आणि तोही उकळीच्या जवळच्या पाण्यात, कारण साधारण ८० अंशांच्या खाली ॲक्रिलिकचा धागा रंगाला आत घेतच नाही. गाडीचा टप उकळता येत नाही. शिवाय चांगल्या टपाच्या धाग्यात रंग धागा बनवतानाच मिसळलेला असतो, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकतो.

मग रिव्हायव्हरच्या बाटलीत असतं काय? पाण्यातलं रंगद्रव्य आणि त्याला धाग्यावर चिकटवणारं रेझिन. म्हणजे धाग्यावर चढवलेला अतिशय पातळ रंग. हे लक्षात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप कळतात: कापड स्वच्छ हवं, कोरडं हवं, रंगाचे हात (थर) पातळ हवेत, आणि जिथे धागाच झिजून रबर दिसतंय तिथे रंग टिकणार नाही.

साहित्य, एमएक्स-५ च्या मापाच्या टपाला:

- काळा रिव्हायव्हर अर्धा लिटर. दोन हातांना पुरतो. पहिला हात जास्त पितो.
- ५० मिमीचा मऊ केसांचा चांगला ब्रश. स्वस्त ब्रशचे केस गळतात आणि रंगात चिकटून बसतात. शिवणीसाठी एक अरुंद ब्रश.
- कमी चिकट मास्किंग टेप, पातळ प्लास्टिक, उथळ भांडं, नायट्राइल हातमोजे.
- बादलीभर पाणी आणि ओलं फडकं, हाताशी.

हवामान बघा. १० ते २५ अंश, वारा नको, थेट ऊन नको, आणि पुढचे २४ तास पाऊस नको. इंग्लंडात मे ते सप्टेंबर म्हणू या. सप्टेंबरात सकाळी दहाच्या सुमारास सुरू करून दुपारी संपवा, नाहीतर संध्याकाळच्या दवाने ओला रंग ओघळतो.

धुतल्यावर किमान २४ तास टप बंद ठेवून वाळू द्या, हवा दमट असेल तर ४८. माथा लवकर वाळतो आणि फसवतो. शिवणीत कापड दुहेरी-तिहेरी असतं, ओल तिथे राहते. पांढरा किचन पेपर शिवणीवर तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. कागद कोरडा निघाला तरच पुढे. मग चिकट रोलरने तंतू उचला. टप पुसताना मायक्रोफायबरने सोडलेले तंतूही यातच निघतात.

टेप लावताना काच, दारांच्या रबरी पट्ट्या आणि टपाखालचा पत्रा, तिन्ही झाका. रबरी पट्टीवर पडलेला रंग सगळ्यात चिवट.

रंग हलवून घ्या, रंगद्रव्य तळाशी बसतं. मधल्या पट्ट्यापासून सुरुवात करा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत एक पट्टा पूर्ण करूनच थांबा. पट्ट्याच्या मधे थांबलात तर सुकलेल्या कडेची रेघ कायमची दिसते. ब्रश रंगाने निथळत नको. आधी विणीत थोडा दाबून भरा, मग त्याच दिशेने हलके ओढून सारखा करा. उभ्या बाजूंना अर्ध्याच रंगाने, कारण ओघळ तिथूनच पत्र्यावर उतरतात. ओघळ दिसला की त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला डाग निम्मं पाणी-निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल करून निघतो, पण आधी कुठल्यातरी आडजागी बघून मग.

पहिला हात चट्टेदार दिसतो. घाबरून तिथल्या तिथे आणखी थापू नका. दोन-तीन तासांनी दुसरा हात, तोही पातळ. तीन जाड हात दिले तर कापड कडक होतं, घडीच्या जागी रंग तडकतो आणि टपावर हात टेकला की बोटं काळी होतात.

शिवणीचा पांढरा दोरा रंग चांगला घेतो, टपाचं रूप खरं तर तिथेच पालटतं. पण आधी दोरा नखाने ओढून बघा. तुटत असेल तर तो कुजलाय, आणि रंगाने शिवण जुळत नाही. असा टप आधी शिवून घ्यावा, नाहीतर बदलावा. रंगाचे पैसे त्यात घालू नयेत.

टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, कापडापासून बाहेरच्या दिशेने ओढून काढा. २४ तास टप उघडायचा नाही. शक्य असेल तर ४८.

---

लेस्टरकर

दोघांचे आभार, इतकं तपशिलात कोणी सांगत नाही. एक शंका: ओला असताना टप काळाभोर दिसतो, वाळला की पुन्हा राखाडी. मग रंगाची खरंच गरज आहे की नाही हे ठरवायचं कशावरून? आणि बाजारातल्या किटमध्ये रंग असतोच का?

---

रंगारी_स्टुटगार्ट

ओल्या कापडावरून काही ठरवू नका, ओलं झालं की कुठलंही कापड गडद दिसतं. पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात, ऊन न लागलेल्या कापडाशी ताडून बघा. विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीला टप जिथे टेकतो तिथे कापडाची कड आत वळवलेली असते; कुलूप सोडून टप थोडा उचलला की ती दिसते. धुतलेला माथा आणि ती कड यांत फार फरक नसेल तर नुसतं प्रूफिंग करा. रंगाची पहिली चाचणीही तिथेच घ्या.

किटचं म्हणाल तर लेबल वाचा. ऑटोग्लिमच्या टपाच्या किटमध्ये क्लीनर आणि प्रोटेक्टर असतं, रंग नसतो. रेनोव्होचा रिव्हायव्हर रंगाचा आहे आणि प्रूफर वेगळा. तीन बाटल्या हे विक्रेत्याचं खूळ नाही, तीन वेगळी कामं आहेत. फक्त मधली प्रत्येकाला लागतेच असं नाही.

काळ्याला फार अक्कल लागत नाही. निळा, मरून, आणि विशेषतः बदामी टप असेल तर रंग जुळवणं कठीण. या रंगांनी कापड गडद करता येतं, उजळ कधीच नाही. डागाळलेल्या बदामी टपाचे डाग बदामी रंगाने झाकत नाहीत.

---

पागोळी

ओलीचं कोणी बोललं नाही म्हणून.

प्रूफिंगने कार्पेटची ओल जाणार नाही. मधला रबराचा थर शाबूत असेल तर वरचं कापड कितीही भिजलं तरी पाणी आत येत नाही. प्रूफिंगचा उपयोग वेगळा: कापड पाणी पीत नाही, लवकर वाळतं, शेवाळाला ओल मिळत नाही, मळ वरच्या वर राहतो.

एमएक्स-५ मध्ये सीटमागच्या कार्पेटला ओल म्हणजे आधी संशय ड्रेनवर. टपावरचं पाणी मागच्या बाजूने आतल्या पन्हाळीत उतरतं आणि सीटबेल्टच्या खांबांजवळच्या दोन भोकांतून नळीने गाडीखाली जातं, मागच्या चाकांच्या पुढे. लाइमची पानं आणि चिकट्यात कालवलेली माती त्यात अडकते, पन्हाळ भरते आणि पाणी कार्पेटवर येतं.

तपासायचं असं. टप अर्धवट उघडून दोन्ही बाजूंच्या भोकांत पाव लिटर पाणी सावकाश ओता, दुसऱ्या कोणालातरी गाडीखाली बघायला सांगा. दोन्हीकडून सारखी धार पडायला हवी. एनसीला भोकाच्या तोंडाशी जाळी असते, ती काढून धुवा. नळीत स्ट्रिमरची (गवत कापायच्या यंत्राची) जाड नायलॉन दोरी टोक गोल करून घाला आणि फिरवत पुढे सरका. कपड्यांच्या हँगरची तार घालू नका. नळीला भोक पडलं की पाणी थेट सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पेटीच्या) पोकळीत जातं आणि तो गंज बाहेर दिसेपर्यंत आतून पत्रा गेलेला असतो. जुन्या एनए, एनबी (पहिल्या दोन पिढ्यांच्या) गाड्यांचे मागचे सिल असेच कुजतात. कॉम्प्रेसरची हवाही जोरात मारू नका, नळी जोडापासून निसटते.

ड्रेन मोकळे निघाले तर दाराच्या काचेवरची रबरी पट्टी बघा. काच बंद करताना मधे कागदाची पट्टी धरा. कागद सहज ओढून निघाला तर तिथे दाब कमी आहे. पट्टी धुऊन रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावा. पण हे टपाचं प्रूफिंग संपल्यावर. आधी लावलंत आणि हात कापडाला लागला तर त्या जागी ना रंग धरणार ना प्रूफर.

आता प्रूफरबद्दल. रंग दिल्यावर २४ तासांनी. सिलिकॉनवाले प्रूफर सुरुवातीला छान थेंब धरतात, पण धूळही धरतात. फ्लुओरोपॉलिमरवाले जास्त स्वच्छ राहतात. हल्ली काही कंपन्या फ्लुओरीन नसलेलेही देतात, ते थोडे लवकर पुन्हा लावावे लागतात. दोन हलके हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. काच आणि पत्रा झाकूनच. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीसारखी प्लास्टिकची मागची खिडकी असेल तर सॉल्व्हंटवाला स्प्रे तिच्याजवळही नेऊ नका, प्लास्टिक दुधाळ होतं आणि मग इलाज नाही.

---

चिखलवाट

पुण्याहून विचारतोय. थारच्या किंवा जुन्या जीपच्या टपाला हीच पद्धत चालेल का? टप विटून पांढुरका पडलाय.

---

घाटवळण

बहुतेक नाही. आपल्याकडच्या जीपचे टप बरेचदा रेक्झिनचे किंवा पीव्हीसी चढवलेल्या कापडाचे असतात. त्यावर हा रंग मुरायला वीणच नसते. तो वर बसतो आणि पोपडे होऊन निघतो. पांढुरकेपणा कधी नुसता मळ आणि क्षार असतो, कधी उन्हाने प्लास्टिकचा वरचा थर भुकटी होतो. ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्यावर टपाचा रंग उतरला तर थर गेलाय, आणि मग कुशनवाल्याकडून नवा टप शिवून घेणंच बरं. नुसता मळ निघाला तर व्हिनाइल क्लीनर आणि उन्हापासून बचाव करणारं, पाण्याच्या बेसचं ड्रेसिंग. टायर पॉलिश नको, तेलकट थराला घाटातली सगळी धूळ चिकटते.

खरं सुती कॅनव्हास असेल, जुन्या मिलिटरी जीपला असायचं तसं, तर गोष्ट निराळी. ते रंग छान पितं, पण त्याला आधी मेण मारलेलं असेल तर पाण्याचा रंग धरणार नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा; मेण असेल तर थेंब मोत्यासारखा बसून राहतो, आणि मग त्याला मेणाचंच ड्रेसिंग द्यावं.

वेळ म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सावलीत. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या टपावर रंग ब्रशखालीच सुकतो आणि प्रत्येक फटकारा दिसतो. पावसाळ्यात तर टप वाळणारच नाही.

---

लेस्टरकर

विंडस्क्रीनजवळची कड बघितली, ती काळीकुट्ट आहे. आधी ड्रेन, मग धुणं, आणि वाळल्यावर कडेशी ताडून रंगाचं ठरवतो. शेवटचा प्रश्न: नंतर निगा किती? आणि ऑटोमॅटिक कार वॉश चालेल का?

---

पागोळी

कार वॉश नको. त्याचे ब्रश लव उठवतात आणि शेवटी मारलेलं गरम मेण कापडात बसतं. ते काढायला पुन्हा पहिल्यापासून सगळं.

लाइमखाली गाडी असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला नुसतं कोमट पाणी ओतून चिकटा उतरवा, साबण नको. पानगळीत पंधरा दिवसांनी ड्रेनची जाळी. प्रूफर वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर. पण कॅलेंडर बघण्यापेक्षा पावसाचं पाणी बघा, थेंब पसरायला लागले की वेळ झाली. टप ओला असताना घडी घालून ठेवू नका, घडीतल्या बुरशीचे डाग अस्तरावर पडतात आणि ते निघत नाहीत. आणि कव्हर घालणार असाल तर हवा खेळणारं घ्या, प्लास्टिकच्या कव्हराखाली शेवाळ दुप्पट जोमाने वाढतं.